सॉफ्टवेअर अपडेट आणि सुरक्षितता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसातली आणि ओळखीपाळखीच्या लोकांची मशीन सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. या काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे एकत्र केलेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे ‘का’ समजल्याशिवाय ‘काय करायचं’ हे लक्षात राहत नाही.

कालपर्यंत नीट चालणारं सॉफ्टवेअर आज अचानक असुरक्षित कसं होतं?

ते पहिल्या दिवसापासून तसंच असतं. त्यातली चूक तेवढी आज कुणाच्या तरी नजरेला पडलेली असते.

एक चूक जवळून बघू. वेबसाइट आणि ब्राउझर यांच्यातलं बोलणं तिसऱ्याला कळू नये म्हणून ओपनएसएसएल नावाचं सॉफ्टवेअर जगभरातल्या सर्व्हरवर वापरलं जातं. त्यात ‘अजून आहेस ना तिकडे?’ असं विचारायची एक सोय होती. एका बाजूने एक शब्द पाठवायचा, तो किती लांबीचा आहे तेही सांगायचं, आणि दुसऱ्या बाजूने तोच शब्द जसाच्या तसा परत करायचा. आता समजा मी शब्द पाठवला चार अक्षरांचा आणि सांगितलं की तो साठ हजार अक्षरांचा आहे. सर्व्हरने ते मोजून पाहायला हवं होतं. त्याने पाहिलं नाही. चार अक्षरं परत दिली आणि त्यांच्या पुढे मेमरीत जे काही पडलं होतं तेही साठ हजार भरेपर्यंत देऊन टाकलं. त्यात कुणाचा पासवर्ड असायचा, कुणाचं लॉगिन, कधी तर त्या साइटची गुप्त किल्लीच.

हीच ती हार्टब्लीड त्रुटी. मार्च २०१२ मध्ये आलेल्या आवृत्तीबरोबर ती जगभर पसरली आणि ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली. मधली दोन वर्षं सगळं ‘नीट चालत’ होतं. दुरुस्ती एवढीच की, सांगितलेली लांबी खरी आहे का ते आधी तपासायचं.

फायली दाबून लहान करणाऱ्या आणि पुन्हा उघडणाऱ्या विनरार या प्रोग्राममधल्या एका चुकीने तर याहून मोठा पल्ला गाठला. जुन्या प्रकारच्या दाबलेल्या फायली उघडणारा त्यातला एक भाग जवळजवळ १९ वर्षं सदोष होता, आणि २०१९ साली ते उघडकीला आलं. अशी फाइल नुसती मोकळी (एक्स्ट्रॅक्ट) केली की विंडोज सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत चोराला आपला प्रोग्राम घुसवता यायचा. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही, त्यामुळे ज्यांनी जाऊन नवी आवृत्ती घेतली नाही त्यांच्याकडे ती चूक आजही तशीच आहे.

लाखो ओळींचा प्रोग्राम माणसं लिहितात, त्यामुळे चुका राहणारच. त्याबद्दल कंपन्यांना नावं ठेवण्यापेक्षा चूक सापडल्यावर त्या किती लवकर दुरुस्ती देतात हे मी बघतो.

दुरुस्ती आली आहे ना? मग लावायची एवढी घाई कशाला? सवडीने लावू.

या सगळ्या प्रश्नांमधला हा सगळ्यात महत्त्वाचा. माझा बहुतेक आग्रह याच्या उत्तरावर उभा आहे.

दुरुस्ती जाहीर होते तेव्हा ती तुम्हाला मिळते, तशीच चोरालाही मिळते. तो जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी ठेवतो आणि कुठल्या ओळी बदलल्या ते बघतो. जिथे बदल झाला तिथेच भोक होतं हे उघड आहे. हे काम करणारी तयार साधनं आहेत, आणि सरावलेल्या माणसाला कधी कधी काही तासच लागतात. म्हणजे ज्या त्रुटीचा आदल्या दिवसापर्यंत फार तर चार-दोन लोकांना पत्ता होता, ती दुरुस्ती आल्यावर सगळ्या जगाला कळते. ज्यांनी अपडेट लावलं ते सुटले. ज्यांनी ‘नंतर आठवण करा’ दाबलं ते आदल्या दिवशी होते त्यापेक्षा जास्त धोक्यात गेले, आणि तेही काहीच न करता. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देते. या क्षेत्रातले लोक त्यानंतरच्या बुधवारी धास्तावलेले असतात ते याचमुळे.

आता तारखा बघा. विंडोजमधली फायली वाटून घेण्याची जी सोय आहे, तिच्यातल्या मोठ्या त्रुटीची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी आली. ती त्रुटी वापरणारं हत्यार एप्रिलच्या मध्यावर उघड्यावर आलं. १२ मे रोजी वॉनाक्राय हा फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा प्रोग्राम (रॅन्समवेअर) सुटला आणि काही दिवसांत सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून जास्त मशीनवर पोचला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत सुमारे १९ हजार भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या लेखापरीक्षकांनी नंतर मांडला. दुरुस्ती तोवर जवळजवळ दोन महिने तयार होती, आणि बाधित मशीनमध्ये बहुतेक विंडोज ७ वरची, म्हणजे ज्यांना ती फुकट मिळत होती अशीच होती. ही बातमी वाचताना मला राहून राहून वाटत होतं की यातलं किती टाळता आलं असतं.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीची. तिच्या वेबसाइटमागे अपाची स्ट्रट्स हे सॉफ्टवेअर होतं. त्याची दुरुस्ती ७ मार्च २०१७ ला आली. कंपनीत अंतर्गत सूचनाही फिरली, पण एका सर्व्हरवर दुरुस्ती लागली नाही. मे महिन्यात चोर तिथून आत शिरले आणि जुलै संपत येईपर्यंत आतच होते. सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची नावं, जन्मतारखा आणि सरकारी ओळख क्रमांक गेले. ज्यांचे गेले त्यातल्या बहुतेकांनी त्या कंपनीला स्वतः कधी माहिती दिलीही नव्हती.

आणि वेगाचा अंदाज हवा असेल तर २५ जानेवारी २००३ ला सुटलेला स्लॅमर हा मशीनवरून मशीनवर आपोआप पसरणारा प्रोग्राम घ्या. आकार ३७६ बाइट, म्हणजे या परिच्छेदाहूनही लहान. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होता, आणि जगातली पकडता येण्याजोगी नव्वद टक्के मशीन त्याने दहा मिनिटांत गाठली. त्याची दुरुस्ती सहा महिने आधीच आलेली होती.

माझ्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?

तुमचं नाव-गाव बघून कुणी येत नाही. प्रोग्राम इंटरनेटवरचे पत्ते एकापाठोपाठ एक चाचपत जातात आणि जुनी आवृत्ती दिसली की आत शिरतात. आत काय आहे ते नंतर बघतात.

आणि काहीच नसलं तरी मशीन असतंच. त्यावरून दुसऱ्यांना फसवे मेल जातात, दुसऱ्यांच्या साइटवर हल्ले होतात. तुमचा ईमेल असतो, ज्यावर बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक येतात. आणि तुमच्या ओळखीच्या लोकांची यादी असते. तुमच्या नावाने पैसे मागणारा मेसेज त्यांना आला तर ते विश्वास ठेवतील.

एक अनुभव सांगतो. ओळखीच्या एका छोट्या कार्यालयात हिशेबाचं एकच मशीन होतं. एका महिनाअखेरीला मी दुसऱ्याच कामासाठी गेलो असताना कोपऱ्यात अपडेट अडकलेलं दिसलं. मी तसं म्हटलं. ‘आत्ता नको, हिशेब बंद करायचे आहेत, पुढच्या आठवड्यात करू,’ असं उत्तर आलं आणि मी बरं म्हणालो. पुढचा आठवडा पुढेच जात राहिला. काही महिन्यांनी सकाळी फोन आला की कुठलीच फाइल उघडत नाही. जाऊन बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावामागे अनोळखी अक्षरं लागलेली, आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती कायम मशीनलाच जोडलेली असायची, त्यामुळे तीही गेली. घरून काम करता यावं म्हणून बाहेरून जोडणीची सोय चालू ठेवली होती. तिथूनच ते आत आलं होतं, आणि त्या सोयीची दुरुस्ती त्या अडकलेल्या अपडेटांच्या रांगेत पडून होती. पुढचे तीन आठवडे दोन माणसं कागदी बिलं समोर ठेवून एकेक नोंद पुन्हा भरत होती. त्यांच्या शेजारी बसून मी आकडे वाचून दाखवले आहेत. त्या दिवशी मी ‘बरं’ म्हणायला नको होतं. तेव्हापासून मी म्हणत नाही.

अँटिव्हायरस आहे. तो पुरेसा नाही का?

अँटिव्हायरस ठेवाच, पण तो आत येणाऱ्याची झडती घेतो, भिंतीतलं भोक बुजवत नाही. शिवाय तोही एक सॉफ्टवेअरच आहे आणि मशीनवरचे मोठे अधिकार घेऊन चालतो, त्यामुळे त्यालाही अपडेट लागतंच.

मी अनोळखी लिंक उघडत नाही, कुठलीही फाइल घेत नाही. तरी?

सवय चांगली आहे, सोडू नका. पण वॉनाक्रायला कुणाच्या क्लिकची गरज नव्हती. त्याच नेटवर्कवर एक मशीन बाधित झालं की तो शेजारच्या मशीनवर स्वतःच जायचा. २०१५ साली अँड्रॉइडमधली स्टेजफ्राइट त्रुटी उघड झाली तेव्हा नुसता व्हिडिओ मेसेज फोनवर येणं पुरेसं होतं. फोन तो दाखवण्याची तयारी करायला घ्यायचा, आणि तिथेच घात व्हायचा. त्यानंतरच अँड्रॉइडसाठी दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या जाहीर करण्याची पद्धत सुरू झाली.

‘झीरो-डे’ म्हणजे काय? त्यापुढे अपडेटचा काय उपयोग?

दुरुस्ती यायच्या आधीच चोरांच्या हाती पडलेली त्रुटी म्हणजे झीरो-डे. बनवणाऱ्याला तयारीला शून्य दिवस मिळाले म्हणून हे नाव. अशा त्रुटीपुढे त्या दिवशी तुमचं अपडेट केलेलं मशीनही उघडं असतं, हे खरं आहे.

पण अशी त्रुटी शोधायला किंवा विकत घ्यायला प्रचंड खर्च येतो. ती मुख्यतः पत्रकार, राजकीय विरोधक, मोठ्या संस्था अशा निवडक लोकांवर वापरली जाते, कारण जितकी जास्त वापरली तितकी लवकर पकडली जाते. एकदा दुरुस्ती आली की तीच त्रुटी स्वस्त होते आणि कुणाच्याही हाती लागते. तुमची-आमची मशीन बहुतेक वेळा या स्वस्त झालेल्या, जुन्या त्रुटींमधून फोडली जातात. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था, सिसा, प्रत्यक्षात वापरात असलेल्या त्रुटींची यादी २०२१ पासून प्रसिद्ध करते. त्यात पाच-दहा वर्षं जुन्या त्रुटी सर्रास दिसतात.

अपडेटमुळेच मशीन बिघडलं तर?

बिघडू शकतं. ही भीती खोटी नाही आणि ती बाळगणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर येऊन थांबली. विमानं रद्द झाली, रुग्णालयांची कामं अडली. कंपनीने ती फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण आधीच बंद पडलेली मशीन सुरूच होत नव्हती. कर्मचाऱ्यांना एकेका मशीनपाशी जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली.

तरीही माझं मत बदललेलं नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. बिघडलेल्या अपडेटमुळे काम थांबतं, पण तुमचा डेटा तुमच्याकडेच असतो आणि बनवणारी कंपनी तुमच्या बाजूने ते सोडवायला धावते. रॅन्समवेअर आलं तर काम थांबतं, डेटा जातो आणि समोर बसलेला माणूस तुमच्या विरोधात असतो.

काळजी मात्र घ्यायचीच. महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा. वर सांगितलेल्या कार्यालयाची चूक तीच होती. दहा-वीस मशीन असतील तर आधी एक-दोन मशीनवर अपडेट लावा, दोन दिवस बघा, मग बाकीच्यांवर. घरच्या एका मशीनसाठी एवढं थांबायचं कारण नाही. आणि विंडोजच्या मोठ्या वार्षिक आवृत्तीला तुम्ही दोन-तीन आठवडे थांबलात तरी चालेल, कारण त्यात मुख्यतः नव्या सोयी असतात. महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्यांना तसं थांबवू नका.

अपडेटमधूनच व्हायरस येऊ शकतो का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच ठेवू.

पहिली रोजची. एखाद्या वेबसाइटवर मध्येच खिडकी उघडते : ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, इथे दाबा.’ किंवा मेसेजमधून ॲपची फाइल येते. हे जवळजवळ नेहमीच खोटं असतं. खरं अपडेट त्या प्रोग्रामच्या किंवा फोनच्या सेटिंग्जमध्ये दिसतं, किंवा ॲप स्टोअरमध्ये. शंका आली तर ती खिडकी बंद करा आणि स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन बघा. तिथे काही नसेल तर ती सूचना खोटी होती.

दुसरी क्वचित घडणारी, पण घडलेली. जून २०१७ मध्ये युक्रेनमध्ये करभरणीच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरची अपडेट यंत्रणाच ताब्यात घेऊन त्यातून नॉटपेट्या हा मशीन निकामी करणारा प्रोग्राम पसरवला गेला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात आडवी झाली. २०२० मध्ये नेटवर्क सांभाळण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सोलरविंड्स या कंपनीच्या अपडेटमध्ये हेरगिरीचा भाग घुसवला गेला आणि कंपनीची खरी डिजिटल सही असलेलं ते अपडेट सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत गेलं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवरच्या छोट्या साधनात चोरदरवाजा सापडला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, आणि त्याने तो धागा सोडला नाही. त्याच्यामुळे तो चोरदरवाजा जगभरच्या सर्व्हरवर पोचायच्या आत पकडला गेला.

या घटना वाचून कुणी ‘म्हणून मी अपडेटच घेत नाही’ म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं. नॉटपेट्या एकदा आत आल्यावर शेजारच्या मशीनवर जायला जे मार्ग वापरत होता, त्यातला एक होता वॉनाक्रायवालीच त्रुटी, जिची दुरुस्ती मार्चपासून उपलब्ध होती.

अपडेट उतरलं, लागलंही. म्हणजे झालं ना?

रीस्टार्ट केलं का?

हा प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळा विचारतो. चालू असलेला प्रोग्राम मेमरीत जुनाच असतो, डिस्कवर नवा आला तरी. ब्राउझर पूर्ण बंद करून उघडल्याशिवाय नवी आवृत्ती चालू होत नाही. क्रोमच्या वरच्या कोपऱ्यात अपडेटची खूण रंग बदलते ती याचसाठी : लाल झाली असेल तर अपडेट निदान आठवडाभर तुमची वाट बघतंय. चाळीस टॅब उघडे आहेत म्हणून लोक महिना महिना ब्राउझर बंद करत नाहीत. टॅब जात नाहीत, परत उघडले की येतात.

विंडोजवर आणखी एक मेख आहे. रोज रात्री ‘शट डाउन’ करता म्हणजे मशीन रोज नव्याने सुरू होतं असं वाटतं, पण लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर राखून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर पहिल्यापासून सुरुवात करतं. अपडेट बाकी असेल तेव्हा मेनूत ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ दिसतं, ते निवडा.

आधी काय अपडेट करू?

बाहेरच्या जगाशी ज्याचा जास्त संबंध, ते आधी. ब्राउझर सगळ्यात पुढे, कारण दिवसभर तो अनोळखी लोकांनी लिहिलेला मजकूर उघडत असतो. क्रोमला २०२३ पासून सुरक्षा दुरुस्त्या दर आठवड्याला येतात, यावरून अंदाज घ्या. मग विंडोज किंवा मॅक जे असेल ते, आणि फोन. त्यानंतर फायली उघडणारी साधनं : पीडीएफ, ऑफिस, झिप-रार उघडणारं. जे सॉफ्टवेअर वर्षभरात उघडलंच नाही ते अपडेट करत बसू नका, काढून टाका. नसलेल्या सॉफ्टवेअरला दुरुस्ती लागत नाही.

राउटर आणि कॅमेरे यांनाही अपडेट लागतं?

लागतं, आणि तेच सगळ्यात दुर्लक्षित. त्यांना पडदा नसतो, त्यामुळे ‘अपडेट आलं आहे’ असं सांगणारं कुणी नसतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने असे हजारो कॅमेरे आणि राउटर गोळा करून, साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अनेकांना मिळेनाशा झाल्या. मिराईला नवी त्रुटीसुद्धा शोधावी लागली नव्हती. कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या तो एकामागून एक लावून बघत होता.

म्हणून पासवर्ड आधी बदला. मग राउटरच्या सेटिंग्जचं पान उघडून ‘फर्मवेअर’ (म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) किंवा ‘अपग्रेड’ असं काही आहे का बघा आणि आपोआप अपडेटची सोय असेल तर चालू करा. फर्मवेअर चढत असताना वीज जाऊ देऊ नका, अर्ध्यात थांबलं तर यंत्र कामातून जाऊ शकतं. नवं घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचारा : याला अपडेट किती वर्षं मिळणार? उत्तर येत नसेल तर दुसरं बघा.

माझ्या विंडोजचा सपोर्ट संपला. मशीन तर छान चालतंय.

चालतंय, आणि पुढेही चालेल. फक्त यापुढे सापडणारी प्रत्येक त्रुटी त्यात कायमची राहील. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. शिवाय नव्या विंडोजला आलेल्या दुरुस्त्या बघून जुन्यात तीच चूक शोधणं चोराला सोपं जातं, कारण दोघांच्या आतला बराच भाग एकच असतो.

अगदी चिघळलं तर कंपनी अपवाद करते. वॉनाक्राय आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीलाही दुरुस्ती दिली, त्याचा सपोर्ट संपून तीन वर्षं झाली असताना. ॲपलने जानेवारी २०२३ मध्ये २०१३ सालच्या आयफोन ५एसला एक दुरुस्ती दिली होती. पण अशा अपवादावर विसंबून राहता येत नाही.

मार्ग काय? मशीन विंडोज ११ घेत असेल तर घ्या. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली आहे. तिच्यात नाव नोंदवावं लागतं, ती आपोआप मिळत नाही. मशीन जुनं पण धडधाकट असेल तर त्यावर लिनक्स टाकता येतं, आणि ब्राउझर, मेल, लिखाण एवढंच काम असेल तर मी तेच सुचवतो. एखादं जुनं यंत्र किंवा जुना प्रोग्राम चालवण्यासाठी जुनंच विंडोज ठेवावं लागत असेल तर त्या मशीनची इंटरनेटची जोडणी काढा. त्यावर मेल उघडू नका आणि बँकेचं काम करू नका.

मॅक किंवा लिनक्स असेल तर काळजी नाही ना?

काळजी आहे. हार्टब्लीड आणि एक्सझेड दोन्ही लिनक्सच्याच जगातले.

नेट मंद आहे, डेटा मोजकाच मिळतो. काय करू?

विंडोजमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ अशी खूण करता येते, म्हणजे मोठ्या गोष्टी मागच्या दाराने उतरणार नाहीत. पण ती खूण केलीत तर आठवड्यातून एकदा चांगल्या नेटवर स्वतः ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबायचं लक्षात ठेवा. घरात तीन-चार विंडोज मशीन असतील तर एकाने उतरवलेलं बाकीच्यांना स्थानिक नेटवर्कवरून वाटून घेता येतं. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ नावाची सेटिंग त्यासाठीच आहे. आणि ओढाताण असेलच तर ब्राउझर आणि महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्या आधी उतरवा, बाकीचं थांबू शकतं.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरतो. अपडेट केलं की ते बंद पडतं.

म्हणजे ते तुम्हाला कायमचं जुन्या आवृत्तीत अडकवून ठेवतंय. आणि क्रॅक लावताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं गेलं होतं ना? त्या पाच मिनिटांत आणखी काय आत आलं हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. बहुतेक कामांना फुकट आणि कायदेशीर पर्याय आहेत : लिखाण आणि हिशेबाच्या तक्त्यांना लिब्रेऑफिस, चित्रांना गिंप आणि इंकस्केप, फायली दाबायला सेव्हन-झिप. दोन आठवडे हात बसायला लागतील, पण तेवढा त्रास सोसण्यासारखा आहे.

घरातल्या ज्येष्ठांच्या मशीनचं काय करायचं? त्यांना हे सगळं कसं समजावू?

सगळं समजावू नका. एकदा त्यांच्या शेजारी बसून स्वतः करून द्या : आपोआप अपडेट चालू, रीस्टार्टची वेळ त्यांच्या झोपेच्या वेळी, न लागणारे प्रोग्राम काढलेले, बॅकअपची डिस्क कपाटात. फोनवर ॲप स्टोअरमधलं आपोआप अपडेटही चालू करा.

माझ्या मावशीला मी दोनच गोष्टी सांगितल्या आहेत. कोपऱ्यात मशीन स्वतःहून ‘रीस्टार्ट करू का’ विचारेल तेव्हा हो म्हणायचं. वेबसाइटवर, मेसेजमध्ये किंवा फोनवरून कुणी ‘अपडेट करा’ म्हणालं तर काहीच दाबायचं नाही, आधी मला फोन करायचा. ती करते. गेल्या वर्षभरात सात-आठ वेळा केला असेल. त्यातल्या दोन वेळा पडद्यावर जे होतं ते तिने मला अक्षर-अक्षर वाचून दाखवलं, आणि दोन्ही वेळा ते खोटं होतं.